चालू नाटकातला पफ

माणसं एकमेकांना नावाने ओळखतात, आवाजाने ओळखतात, टाळायचं असलं तर लांबून पाठीवरूनसुद्धा ओळखतात. मेकपमामा माणसं कातडीवरून ओळखायचे. रस्त्यात कुणी हात केला की मामा बराच वेळ कोऱ्या चेहऱ्याने बघत राहत आणि मग एकदम उजळून म्हणत, "अरे, तू तो, तेलकट कपाळ आणि कोरडं नाक." समोरच्याला हा आपला सत्कार झाला की पाणउतारा, हे घरी पोचेपर्यंत ठरवता येत नसे. मामांचं लग्न ठरलं तेव्हा त्यांच्या आईने विचारलं होतं, मुलगी आहे कशी? मामा थोडा विचार करून म्हणाले, "बेस कमी लागेल." मामींना हे पुढे सासूकडूनच कळलं. संसार सुखाचा झाला, पण भांडण रंगात आलं की मामी अजून तेवढं एक वाक्य बाहेर काढतात आणि भांडण संपतं.

मामा एका नाटक कंपनीचे रंगभूषाकार. कंपनीतली सगळी लहानथोर मंडळी त्यांना मामा म्हणत. जाहिरातीत त्यांचं नाव सगळ्यात खाली, तेही जागा उरली तर. मामांना त्याची खंत नव्हती. ते म्हणत, नटाच्या तोंडावर मी असतो, मला कागदावर कशाला पाहिजे? हे बोलणं पुढे फारच खरं ठरलं, आणि मामांना नको होतं त्या अर्थाने ठरलं.

मामांच्या पेटीत रंगाच्या कांड्या होत्या, ब्रश होते, मिशा होत्या, एक टक्कल होतं. पण पेटीचा जीव होता तो पावडरचा पफ. तळहाताएवढा, मऊ, एके काळी गुलाबी. आता त्याचा रंग कुठला म्हणावा हे सांगायला नवीन शब्द शोधावा लागला असता. कारण मामांच्या उस्तादांनी त्यांना एक नियम घालून दिला होता: चालू नाटकाचा पफ धुवायचा नसतो. धुतला की नाटकाचा रंग उतरतो. नाटक बंद पडलं की मग खुशाल साबण लावा.

या नियमाला पुरावाही भक्कम होता. आजवर कंपनीची जी नाटकं आपटली, त्यांचे पफ लखलखीत निघाले होते. जी गाजली त्यांचे पफ हातात धरवत नव्हते. नाटक चालतं म्हणून पफ मळतो, अशी एक उलटी शक्यता होती खरी, पण ती कुणाच्या डोक्यात आली नाही, आणि आली असती तरी कंपनीत टिकली नसती. निर्माते तर प्रयोगाआधी रंगपटात येऊन पफाकडे एक नजर टाकत आणि तो आणखी काळवंडलेला दिसला की समाधानाने बाहेर जात.

सध्याचं नाटक तुफान चालू होतं. भावाबहिणीच्या मायेचं होतं. भाऊ गरीब, बहीण त्याहून गरीब, बाप आंधळा, आणि श्रीमंत असल्यामुळे खलनायक आपोआप दुष्ट. दुसऱ्या अंकात प्रेक्षक रडत आणि तिसऱ्यात रडायचं राहिलेले रडत. बहिणीचं काम करणारी मुलगी बालनाट्यातल्या सशापासून मामांच्या खुर्चीत बसत आलेली. मामांना सख्खी भाची नव्हती. ती उणीव हिने, कुणी न विचारता, भरून काढली होती. कंपनीत सगळे तिला ताई म्हणत. भावाचं काम करणारा गडी मात्र देखणा होता आणि ही बातमी त्याला स्वतःला फार आधी लागली होती. सगळ्यांत आधी खुर्चीत बसायचा हक्क त्याने मिळवला होता, म्हणजे नंतर तासभर आरशात बघायला मोकळा.

तर झालं असं, की या नायकाच्या हनुवटीवर एक फोड आला. दाढी करताना कापलं असेल म्हणून त्याने दुर्लक्ष केलं. फोड फुटला, त्यातून पाणी आलं आणि वर पिवळसर, मध वाळल्यासारखी खपली धरली. नायक घाबरला. रंगपटात ताबडतोब वैद्यकीय चर्चा झाली. आंधळ्या बापाचं काम करणारे नट ज्येष्ठ असल्याने त्यांनी उष्णता असं निदान केलं. प्रॉम्प्टर म्हणाला, झोपेत अंगावर कोळी मुतला असणार. त्याच्या ओठावर दर नव्या नाटकाच्या वेळी बारीक फोडांचा झुबका यायचा आणि दर वेळी त्याने कोळ्यालाच जबाबदार धरलेलं होतं. या हिशेबाने त्या कोळ्याला कंपनीच्या तालमींचं वेळापत्रक पाठ होतं.

औषधाला मात्र वाद नव्हता. ड्रॉवरमध्ये कंपनीची ट्यूब होती. ती कशावरची, हे कुणी विचारत नसे, कारण ती सगळ्यावरची होती. खाज, पुरळ, नायटा, भाजलं, चावलं, टाच फुटली, सगळ्याला तीच. बापाचं काम करणारे काका तर मानेवरच्या नायट्याला ती कित्येक महिने लावत होते. लावली की खाज थांबायची, आणि नायटा, आता आपल्याला कुणी त्रास देत नाही या निर्धास्तपणाने, कानाकडे सरकायचा. काका खूश होते. त्यांच्या मते ट्यूबमुळे नायटा मानेवरून निघाला होता.

मामांनी नायकाच्या खपलीकडे पाहिलं, जरा जाड बेस घेतला, रंग थापला, वरून पफ मारला. खपली दिसेनाशी झाली. मामांच्या दृष्टीने ती बरी झाली.

थोड्याच दिवसांत ताईच्या ओठाच्या कोपऱ्याशी तशीच खपली उमटली. तोच पिवळा रंग, तीच मधाची चकाकी.

आता नाटक कंपनीत दोन माणसांना सर्दी एकदम झाली तरी त्यात प्रेमकथा शोधतात. इथे तर हनुवटी आणि ओठ. कुणी काही बोललं नाही, म्हणजे सगळे बोलले. चहावाला कप ठेवताना दोघांकडे बघून उगीच खाकरला. प्रॉम्प्टरने या वेळी कोळ्याचं नाव काढलं नाही, यावरूनच परिस्थितीचं गांभीर्य कळावं. रंगमंचावर भाऊ-बहीण, हे जो तो मान हलवून दुसऱ्याला सांगे, जणू दुसऱ्याने नाटक बघितलंच नव्हतं.

हे कंपनीतच राहिलं असतं तर विरून गेलं असतं. पण ताईचं लग्न ठरलेलं होतं. तिनेच निवडलेला मुलगा, पाणीपुरवठा खात्यात इंजिनिअर, स्वभावाने नळाच्या पाण्यासारखा सरळ आणि तितकाच बारीक धारेचा. एका दुपारच्या प्रयोगाला त्याची आई आणि आत्या आल्या. आई निवृत्त मुख्याध्यापिका. नाटक संपल्यावर दोघी कौतुक करायला म्हणून आत आल्या, तेव्हा भाऊ आणि बहीण शेजारी शेजारी बसून तोंडावरचा रंग पुसत होते. बेस उतरला आणि दोन खपल्या एकदमच उजेडात आल्या. आत्यांनी आधी हनुवटी पाहिली, मग ओठ पाहिला, मग पुन्हा हनुवटी पाहिली. मुख्याध्यापिका म्हणाल्या, "छान झालं काम," आणि निघाल्या.

दुसऱ्या दिवशी इंजिनिअरचा फोन आला, की आई म्हणतेय जरा थांबू. तो स्वतः काय म्हणतोय, असं ताईने विचारलं. तो म्हणाला, माझा तुझ्यावर विश्वास आहे. पण तो विश्वास मनातला होता, आणि मनातल्या विश्वासाचा आवाज आईच्या खोलीपर्यंत जात नाही.

पुढच्या प्रयोगाला ताई खुर्चीत बसली. मामांनी बेस लावला आणि तो ओघळला. पुन्हा लावला, पुन्हा ओघळला. मामांना डोळ्यांतल्या पाण्याचं तंत्र माहीत होतं. दुसऱ्या अंकासाठी ते स्वतःच बाटलीतून घालत. हे ते नव्हतं. तिने सगळं सांगितलं आणि म्हणाली, "मामा, मी काही केलं असतं तर निदान केल्याचं तरी वाटलं असतं."

मामांचा पफ हातात तसाच राहिला. या पोरीचं मोडू घातलेलं लग्न रंगाखाली झाकता येणार नव्हतं, आणि झाकणं सोडून दुसरं काही त्यांना येत नव्हतं.

मग खपली काकांच्या गालावर आली. कंपनीचा तर्क जरा लंगडला. आंधळा बाप, वय झालेलं, घरी नातवंडं. पाठोपाठ खलनायकाच्या नाकाखाली आली आणि तर्क आडवा झाला. तरी काही निष्ठावंत मंडळींनी कोण कुणाशी आणि कधी, याची जुळवाजुळव करून पाहिली. पण नाटकात इतक्या गाठी लेखकानेही मारल्या नव्हत्या. निर्मात्यांना नीतीची चिंता नव्हती. पहिल्या रांगेतल्या प्रेक्षकांची होती. त्यांनी सगळ्यांना गाडीत घातलं आणि कातडीच्या डॉक्टरीणबाईंकडे नेलं. मामाही गेले. खपल्यांवर रंग बसायचा थांबला होता, म्हणजे आता विषय त्यांच्या खात्याचा होता.

डॉक्टर तरुण होत्या, आणि शांत. त्यांनी चौघांच्या खपल्या पाहिल्या आणि म्हणाल्या, ही उष्णता नाही, हा जंतूंचा संसर्ग आहे. कातडीला बारीकशी चीर मिळाली की आत शिरतो, आणि हाताने, टॉवेलने, उशीने एकाकडून दुसऱ्याकडे जातो. कोमट पाण्याने खपली भिजवून हलकी काढायची, वर जंतूंवरचं मलम, नख लावायचं नाही, टॉवेल ज्याचा त्याचा. पसरलं तर पोटात गोळ्या. आणि खपल्या वाळेपर्यंत प्रयोग बंद. निर्माते भिंतीला टेकले.

काकांची मान पाहून त्यांनी ट्यूब मागितली आणि मागची अक्षरं वाचून ती सरळ कचऱ्याच्या डब्यात टाकली. नायटा ही बुरशी, त्या म्हणाल्या. या ट्यूबमधलं एक औषध खाज मारतं आणि त्याच हाताने बुरशीला खतपाणी घालतं. आता नुसतं बुरशीवरचं मलम, आणि डाग दिसेनासा झाला तरी मी सांगेपर्यंत लावायचं. प्रॉम्प्टरचं दुखणं तिसरंच निघालं. तो विषाणू. एकदा शिरला की अंगात मुक्कामाला राहतो, दमणूक झाली, ताण आला की ओठावर येऊन हजेरी लावतो. त्याला जंतूंचं मलम लावून उपयोग नाही. फोड असताना कुणाला उष्टा कप द्यायचा नाही, आणि तान्ह्या बाळाचा मुका तर मुळीच घ्यायचा नाही.

"मग कोळी?" प्रॉम्प्टरने विचारलं.

"त्याची माफी मागा," डॉक्टर म्हणाल्या.

आणि मग त्यांनी विचारलं, तुम्ही चौघं एका घरात राहत नाही, एक टॉवेल वापरत नाही, मग तुमच्या चौघांच्या तोंडाला लागतं असं काय आहे?

एकेक मान वळली आणि सगळ्या माना मामांवर येऊन थांबल्या. मामांनी दोन्ही हात पुढे केले. स्वच्छ होते, नखं कापलेली. मग त्यांना पिशवी आठवली. ती ते कुठेही गेले तरी बरोबर नेत. त्यांनी आतून पफ काढला आणि टेबलावर ठेवला. डॉक्टरांनी खुर्ची किंचित मागे घेतली. हा शेवटचा कधी धुतला, असं त्यांनी विचारलं तेव्हा उत्तर निर्मात्यांनी दिलं, आणि तेही अभिमानाने.

मामांनी त्या रात्री जेवण केलं नाही. मामींनी विचारलं, कुणी काही बोललं का? कुणी बोललं नव्हतं, तेच तर दुखत होतं. पडल्या पडल्या मामांना खुर्ची दिसत होती. पहिला बसतो नायक. मग ताई. मग काका. मग खलनायक. आणि नोकराचं काम करणारा विनोदी नट, जो संशयी स्वभावामुळे स्वतःची पेटी घरून आणतो आणि स्वतःच रंग लावतो, त्याच्या तोंडावर एक पुटकुळी नाही. ज्या क्रमाने बसतात, त्याच क्रमाने खपल्या. मामा उठून बसले.

निर्मात्यांचा सल्ला वेगळा होता. फोनवर ते मामांना समजावत राहिले, की बाहेर सांगायचं पाण्याची ॲलर्जी. कंपनीचा रंग लागतो आणि रोग होतो, असं पसरलं तर तिकीट कोण काढेल? आणि तुमचं नाव, मामा? आयुष्य घातलंत तुम्ही यात. मामांना पाण्याची ॲलर्जी मनापासून आवडली. साधी होती, कुणाचाच दोष नव्हता. फक्त पाण्याची ॲलर्जी एका मुलाच्या हनुवटीवर आणि एका मुलीच्या ओठावरच का होते, हा प्रश्न मुख्याध्यापिका विचारणार, आणि त्याचं उत्तर त्यांनी आधीच लिहून ठेवलेलं असणार.

मामा मामींना घेऊन मुख्याध्यापिकाबाईंच्या घरी गेले. बाईंनी पाणी दिलं आणि समोर सरळ पाठीने बसल्या. मामांना शाळेतला मार आठवला.

"एकाच कंपनीत, दोघांना, एकाच प्रकारचं," बाई म्हणाल्या. "मी काय समजायचं?"

"दोघांना नाही, चौघांना. मी दिलं."

"तुम्ही?"

"माझ्या पफाने. मी तो धुतला नाही. धुवायचा नसतो, असं मला शिकवलं होतं, आणि मला ते बरं पडलं."

मग त्यांनी खुर्चीचा क्रम सांगितला. बाईंनी मध्येच थांबवून विचारलं, आधी नायकाला का? दाढीत कापलं होतं, आणि तो पहिला बसतो. ताईला का? ती दुसरी बसते. मग पाचव्याला का नाही? तो स्वतःची पेटी आणतो. बाईंनी तीन-चारदा उलटसुलट विचारून पाहिलं. उत्तर दर वेळी तेच आलं. त्यांच्या चेहऱ्यावर, नापास करायला घेतलेला पेपर बरोबर निघाल्यावर येते तशी नाराजी आली.

"म्हणजे त्या मुलीचा काही दोष नाही."

"तिचा नाही. माझा आहे."

"हे माझ्या नणंदेसमोर म्हणाल?"

मामा हो म्हणाले. नणंद म्हणजे त्या आत्या. ठरल्या दिवशी मामा-मामी त्यांच्या घरी गेले. मामांची कल्पना होती की एका बाईला सांगायचंय. पण आत्यांनी ज्यांना ज्यांना ही गोष्ट सांगितली होती त्या सगळ्यांना दुरुस्तीसाठी बोलावलं होतं, आणि त्या घराची बैठकीची खोली भरून माणसं दारात उभी होती. जन्मभर विंगेत काढलेल्या मामांना एवढं गिऱ्हाईक समोर बघून घाम फुटला. तोंड उघडलं आणि सगळं विसरले. मागून मामी पुटपुटल्या, "खुर्चीचा क्रम सांगा, क्रम." मामांनी क्रम सांगितला. पफाचं वर्णन केलं तेव्हा दोन बायकांनी पदर नाकाला लावला. आपण केलं, हे म्हणताना त्यांचा आवाज बसला. तो त्यांनी बसवला नव्हता, पण दुसऱ्या अंकात नायकाला इतकी शांतता कधी मिळाली नव्हती.

कोपऱ्यात इंजिनिअर उभा होता. तो पुढे आला आणि म्हणाला, "हे तुम्ही येण्याआधी मी म्हणायला हवं होतं." एवढं बोलून तो ताईकडे निघून गेला. त्याच्या आयुष्यातला तो पहिला जोराचा प्रवाह होता.

आत्यांनी मामांना बाजूला घेऊन बाही वर केली. दंडावर वाटोळा, कडेला लाल, मध्ये फिका नायटा होता. आपण एक ट्यूब लावतो, लगेच आराम पडतो, त्या म्हणाल्या, फक्त ते जरा मोठं होत चाललंय. ट्यूबचं नाव ऐकून मामांनी डोळे मिटले. ती टाकून द्या आणि डॉक्टरांना दाखवा, एवढंच ते म्हणाले. मग आणखी एका काकूंनी पाऊल दाखवलं, कुणी पोराच्या हातावरची चामखीळ पुढे केली. मामा सगळ्यांना तेच सांगत होते, आणि माणसं निराश होत होती. इतक्या अनुभवी माणसाने नुसतं डॉक्टरांना दाखवा म्हणावं?

खपल्या वाळल्या. प्रयोग पुन्हा सुरू झाले. डॉक्टर म्हणाल्या होत्या पफ टाकून द्या; मामांनी तो निर्मात्यांच्या डोळ्यांदेखत टाकला आणि प्रत्येक तोंडाला वेगळा स्पंज आणला. पहिल्या प्रयोगाला मागच्या रांगा रिकाम्या गेल्या, तेव्हा पफ टाकल्याचा परिणाम सगळ्यांना स्पष्ट दिसला. पुढच्या प्रयोगाला गर्दी झाली, तेव्हा तो कुणाला दिसला नाही.

लग्नाच्या दिवशी मामांनी ताईला निरोप धाडला होता, नवरीच्या मेकपला दुसऱ्या कुणाला बोलव, तुझ्या सासरच्यांना संकोच नको. तरी तिने गाडी पाठवली. मामा गेले तर खोलीत मुख्याध्यापिका हाताची घडी घालून उभ्या होत्या, देखरेखीला. मामांनी हात धुतले, स्पंजचं नवीन पाकीट फोडलं, ते बाईंना दिसेल अशा जागी ठेवलं, आणि बाईंकडे बघत पुन्हा एकदा हात धुतले. परीक्षेत बरोबर येत असलेलं उत्तरही समोर बाई उभ्या राहिल्या की चुकतं, तसं होणार हे त्यांना दिसलं.

ताईने आरशातूनच सासूकडे पाहिलं.

"आई, तुम्ही बाहेर थांबा ना जरा," ती म्हणाली. "मामांना माहीत आहे काय करायचं."

बाईंनी हाताची घडी सोडली आणि दार ओढून घेत त्या बाहेर गेल्या. ताईने डोळे मिटून तोंड वर केलं.